२५ टक्क्यांचं काय खरं? पोटगीचा आकडा कसा बसतो

प्रश्न थोडक्यात असा: ‘लग्नाला ११ वर्षं झाली. मुलगी ८ वर्षांची, माझ्याकडे असते. मी बी.एड. आहे, लग्नाआधी शाळेत शिकवत होते, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. आता माहेरी राहून शिकवण्या घेते, महिन्याला १२ हजारांच्या आसपास मिळतात. नवरा पुण्यात आयटीमध्ये आहे. पगार १ लाख ८५ हजार, पण तो म्हणतो हातात ८४,५०० च येतात. घटस्फोटाचा दावा त्यानेच टाकलाय, मी छळ केला म्हणून. पगाराच्या २५ टक्के पोटगी मिळतेच, असं सगळे सांगतात. खरं का? घटस्फोट त्याच्या बाजूने झाला तर पोटगी बुडेल का? भाऊ म्हणतो, शिकवण्यांचं कोर्टात बोलू नकोस. आणि एकरकमी घ्यावी की दरमहा?’

ताई, २६ वर्षं वकील म्हणून मी हीच कामं करते आहे, आधी साताऱ्याला आणि मग पुण्यात. माझ्या टेबलापलीकडे बसणाऱ्या दहातल्या आठ माणसांचं पहिलं वाक्य या २५ टक्क्यांचंच असतं. बायकांना वाटतं तेवढे मिळणारच, नवऱ्यांना वाटतं त्याच्यावर जाणार नाही. म्हणून आधी ते कुठून आलं ते सांगते.

२०१७ साली सुप्रीम कोर्टापुढे पश्चिम बंगालमधलं एक प्रकरण होतं. नवऱ्याचा निव्वळ पगार ९५,५२७ रुपये. हायकोर्टाने पोटगी वाढवून २३ हजार केली होती. सुप्रीम कोर्टाने १९७० च्या आपल्याच एका निकालाचा हवाला दिला आणि म्हटलं की निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीला देणं न्याय्य ठरेल. हे वाक्य लोकांनी उचललं. पण त्याच निकालात पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, त्या संसाराचीही जबाबदारी होती, म्हणून कोर्टाने पोटगी २० हजारांवर आणली. गणित करा, २१ टक्केसुद्धा होत नाहीत. म्हणजे ज्या निकालावरून हा ‘नियम’ निघाला त्यातच तो पाळला गेलेला नाही. कुठल्याही कायद्यात टक्केवारी लिहिलेली नाही. वकील २५ टक्के म्हणतात ते बोलणी सुरू करायला बरं पडतं म्हणून, मीही म्हणते.

मग आकडा येतो कुठून? कागदांतून. पण त्याआधी कुठल्या दारातून आत जायचं, ते पटकन उरकते.

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरते. दावा चालू असेपर्यंत कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. निकाल लागताना, किंवा त्यानंतर कधीही, कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते. याशिवाय फौजदारी प्रक्रियेतलं जुनं कलम १२५ आहे, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं. त्यात ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही येते. चौथं दार २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं. तिथे पोटगीसोबत राहण्याच्या जागेचा किंवा भाड्याचा हुकूम मिळू शकतो. रजिस्टर पद्धतीने लग्न असेल तर विशेष विवाह कायद्याची कलमं ३६ आणि ३७. मुस्लिम घटस्फोटितेलाही १२५ ची वाट मोकळी आहे, हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. गोव्यातल्या वाचकांनी मात्र हे उत्तर जपून वाचावं. तिथे हिंदू विवाह कायदा लागू नाही, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. पोटगीआधी तिथे वाटणीचाच प्रश्न उभा राहतो.

चारही दारं एकदम ठोठावली म्हणून चार पोटग्या मिळत नाहीत. एका कोर्टाने ठरवलेली रक्कम दुसऱ्या कोर्टाला सांगावी लागते आणि ती वजा किंवा समायोजित होते. तुमच्या बाबतीत दावा आधीच फॅमिली कोर्टात आहे. त्याच दाव्यात कलम २४ चा अर्ज टाका, मुलीसाठी कलम २६ त्याला जोडा. पोटगीच्या कामात महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी माफ आहे, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बाईला तो मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता कागद. ४ नोव्हेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल दिला. प्रकरण आपल्याच नागपूरच्या फॅमिली कोर्टातून वर गेलेलं. बायकोला महिना १५ हजार आणि मुलाला आधी ५ आणि मग १० हजार, एवढ्यासाठी भांडण २०१३ पासून चाललं होतं. अंतरिम पोटगीसाठी सात वर्षं! कोर्टालाच हे बघवलं नसावं. त्यांनी देशभरासाठी नमुना घालून दिला: पोटगीच्या प्रत्येक कामात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. शहरी नोकरदार-व्यावसायिकांना वेगळा नमुना, शेतकऱ्यांना वेगळा, मेघालयाला तिथल्या मातृवंशीय पद्धतीमुळे आणखी वेगळा. शेतकऱ्यांच्या नमुन्यात जमीन बागायत की जिरायत, गाई-म्हशी किती, इथपर्यंत विचारलंय.

माझ्या मते पोटगीचा निकाल नव्वद टक्के या शपथपत्रावरच लागतो. उलटतपासणीत कितीही जिंकलात तरी शपथपत्र ढिसाळ असेल तर आकडा ढिसाळच येतो. बहुतेक लोक ते कसं भरतात? वकिलाचा कारकून फॉर्म देतो, बाई घाईत ‘खर्च ३० हजार’ असं गोल लिहिते, सही करते आणि जाते. न्यायाधीशाच्या टेबलावर रोज असे वीस फॉर्म येतात. त्यात एखादीने लिहिलेलं असतं: मुलीची शाळा वर्षाला ७२ हजार, पावती जोडली आहे. रिक्षाकाका महिना २,२००. दुधाचं बिल. चष्मा, दर वर्षी नंबर बदलतो. भाड्याने दोन खोल्या घ्यायच्या तर त्याच भागातल्या तीन जागांचे दर. हे वाचल्यावर न्यायाधीशाला आकडा शोधत बसावं लागत नाही.

दुसरा भाग राहणीमानाचा. कायद्याची अपेक्षा अशी की बायकोने नवऱ्याच्या घरी जसे दिवस काढले त्याच्या जवळपास तरी तिला राहता यावं. चैन नको, पण हालही नकोत. हे सिद्ध कशाने होतं? गोव्याच्या आणि दुबईच्या सहलीचे फोटो, गाडीचं आरसी बुक, क्लबची वर्गणी, मुलीच्या वाढदिवसाला हॉल घेतला त्याचं बिल, क्रेडिट कार्डाची जुनी स्टेटमेंट्स. फोन बदलण्याआधी हे सगळं उतरवून ठेवा. मागे एका बाईने ‘नको त्या आठवणी’ म्हणून सगळे फोटो डिलीट केले होते. मला रडू यायचं बाकी होतं.

आता तुमच्या नवऱ्याची पगाराची चिठ्ठी बघू. ढोबळ पगार १,८५,००० हे तुम्ही सांगितलंत. कपातींचे तपशील मी नेहमी दिसतात तसे धरते, प्रत्यक्ष चिठ्ठीत थोडे इकडेतिकडे असतील. आयकर २०,५००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), सक्तीचा पीएफ १,८००. एकूण २२,५००. उरले १,६२,५००. हा निव्वळ पगार. यापुढे जे कापलं जातं त्याला मी ‘हौशी कपाती’ म्हणते: स्वेच्छेचा जादा पीएफ १२ हजार, फ्लॅटचा हप्ता ४६ हजार, पर्सनल लोन १५ हजार, विमा ५ हजार. बेरीज ७८ हजार. असे त्याचे ८४,५०० ‘हातात’ येतात.

जादा पीएफ आणि विमा ही त्याची बचत आहे. बायको-मुलीच्या पोटाआधी स्वतःची बचत, हे कोर्ट मान्य करत नाही. पर्सनल लोन कधी घेतलं त्याची तारीख बघा. नोटीस मिळाल्यानंतर लगेच घेतलेली कर्जं मी इतकी बघितली आहेत की आता तारीख बघायच्या आधीच मला हसू येतं. फ्लॅटच्या हप्त्याचं मात्र जरा वेगळं आहे. कर्ज लग्नात, दोघांच्या संमतीने, राहत्या घरासाठी घेतलं असेल तर न्यायाधीश ते पूर्ण दुर्लक्षित करत नाहीत. हप्ता संपल्यावर फ्लॅट त्याच्याच नावावर राहणार आहे, हा मुद्दा तुमच्या वकिलाने न विसरता मांडायचा. त्यात त्याचे आई-वडील राहत असतील, तर तेही लिहा. वडिलांना पेन्शन असेल तर ते त्याच्यावर पूर्ण अवलंबून नाहीत, हे कागदाने दाखवा.

दिल्ली हायकोर्टाने २००४ मध्ये एक सोपी रीत वापरली होती, ती मला आवडते. घरच्या उत्पन्नाचे वाटे करायचे. कमावणाऱ्याला दोन वाटे, कारण कमावण्यासाठीही खर्च येतो, आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकाला एक. तुमच्याकडे नवऱ्याचे दोन, तुमचा एक, मुलीचा एक, सासूबाईंचा एक धरू. सासऱ्यांना पेन्शन आहे असं समजू. १,६२,५०० चे पाच वाटे, प्रत्येकी ३२,५००. मायलेकींचे ६५ हजार. तुमची १२ हजारांची कमाई आणि घराचा हप्ता लक्षात घेतला की आकडा खाली येतो. पुण्यातला माझा अनुभव जमेस धरून मला दोघींसाठी अंतरिम ३५ ते ५० हजारांच्या दरम्यान हुकूम होईल असं वाटतं. हा अंदाज आहे, हमी नाही. हेच कागद दोन कोर्टांत नेले तर दहा हजारांचा फरक पडू शकतो, हे मान्य करायला वकिलाने लाजू नये.

हे झालं पगारदाराचं. त्याची निदान चिठ्ठी तरी असते. धंदेवाईक आणि बागायतदार यांचं शपथपत्र वाचताना मात्र डोकं शांत ठेवावं लागतं. सातबाऱ्यावर बारा एकर ऊस आणि शपथपत्रात ‘जिरायत शेती, वार्षिक उत्पन्न ६० हजार’. अशा वेळी ८-अ उतारा (एकाच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा) काढा, सातबाऱ्यावरचं पीकपाण्याच्या रकान्यातलं पीक बघा, साखर कारखान्याचं ऊसबिल कुठल्या बँक खात्यात जमा होतं ते शोधा. दुकानदाराचं जीएसटी रिटर्न मागवा, भाड्याच्या गाळ्यांचे करार शोधा. तुमच्याजवळ हे नसेल तर कोर्टाला अर्ज करा की सामनेवाल्याने दाखल करावं, आणि त्याने दाखल केलं नाही तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढा म्हणून सांगा. स्वतःचं उत्पन्न ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, ते उघड करण्याचं ओझंही त्याच्यावरच. नवरा सरकारी नोकरीत असेल तर माहितीच्या अधिकारातून पगारपत्रक मागून बघता येतं. पोटगीच्या वादात ही माहिती खासगी म्हणून नाकारता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये सांगितलं होतं, पण नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्यातलं खासगी माहितीचं कलम बदललं आहे.

‘मी नोकरी सोडली, आता माझं उत्पन्न शून्य’ हाही एक आवडता डाव आहे. धडधाकट, शिकलेला माणूस काय कमावू शकतो ते कोर्ट धरून चालतं. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर म्हटलं की अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना सांभाळणं नवऱ्याचं कर्तव्य आहे.

आता तुमच्या भावाचा सल्ला. तो प्रेमापोटी बोलतोय, पण ऐकू नका. शिकवण्यांचे १२ हजार लपवलेत आणि समोरच्याने पालकांच्या यूपीआयच्या नोंदी आणल्या, तर नुकसान १२ हजारांचं होत नाही. मुलीच्या शाळेची खरी पावतीसुद्धा मग संशयाने वाचली जाते. खोट्या शपथपत्रावर फौजदारी कारवाई होऊ शकते ती वेगळीच. आणि लपवण्यासारखं त्यात आहे काय? कमवू शकणं आणि प्रत्यक्ष कमावत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. थोडंफार कमावते म्हणून पोटगी नाकारता येत नाही, फार तर तेवढी कमाई विचारात घेतली जाते. बी.एड.चं बोलायचं तर समोरचा वकील नक्की म्हणणार, ‘शिकलेली आहे, नोकरी करावी.’ त्याला उत्तर तयार ठेवा: किती वर्षं शिकवलं, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून सोडलं, मध्ये आठ वर्षांचा खंड पडल्यावर शाळेत अर्ज केले तेव्हा काय उत्तरं आली. अर्ज केले नसतील तर आजपासून करा. ते पोटगीसाठीही उपयोगी पडतील आणि तुमच्यासाठीही.

माहेरी राहता, भाऊ सांभाळतो, याचा उल्लेखही समोरून येईल. माहेरच्यांनी आसरा दिला म्हणून नवऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. भावाचं घर ही तुमची मिळकत नव्हे.

‘छळ’ म्हणून त्याला घटस्फोट मिळाला तर? कलम २५ मध्ये कोर्टाने काय पाहायचं ते लिहिलेलं आहे: दोघांचं उत्पन्न, दोघांची मालमत्ता, वर्तन आणि इतर परिस्थिती. वर्तन हा त्यातला एक धागा आहे. बायकोविरुद्ध छळाचा ठपका आला तर आकडा थोडा घटू शकतो, पण पोटगी आपोआप बुडत नाही. २००० साली सुप्रीम कोर्टापुढे असं प्रकरण होतं की बायको घर सोडून गेली म्हणून नवऱ्याला घटस्फोट मिळाला होता. घटस्फोटानंतर ती ‘घटस्फोटित पत्नी’ म्हणून १२५ खाली पोटगीला पात्र आहे, असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक निकाल आला: नांदायला ये असा हुकूम झाला आणि ती गेली नाही, एवढ्यावरून पोटगी नाकारता येणार नाही, न जाण्याचं कारण बघावं लागेल. व्यभिचाराचा मुद्दा मात्र गंभीर आहे, सिद्ध झाला तर १४४ खालचा हक्क जातो. म्हणूनच हा आरोप ऊठसूट केला जातो, आणि बहुतेकदा पुराव्याअभावी पडतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००४ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने, लग्न मुळातच अवैध असलेल्या बाईला, म्हणजे नवऱ्याची पहिली बायको हयात असताना झालेल्या दुसऱ्या बायकोला, ‘बेकायदा पत्नी’ म्हणत पोटगी नाकारली होती. १२ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी त्या शब्दांवर कडक नापसंती नोंदवली आणि सांगितलं की लग्न अवैध ठरलं तरी कलम २५ खाली पोटगी देता येते. अशा बाया माझ्याकडे गावाकडून येत. ‘तुमचं लग्नच नाही’ हे त्यांना सांगणं मला फार जड जायचं.

आणि पोटगी फक्त बायकोलाच का, असं विचारणाऱ्यांसाठी: हिंदू विवाह कायद्यात नवराही मागू शकतो. नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या बाईने घटस्फोटित नवऱ्याला महिना ३ हजार द्यावेत, असा हुकूम झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो कायम केला. मात्र धडधाकट नवऱ्याला असे अर्ज सहसा फळत नाहीत.

एकरकमी की दरमहा, या प्रश्नाला वेळ देते, कारण इथे चूक झाली तर ती आयुष्यभर राहते. आधी वर्तमानपत्रांनी केलेला घोळ निस्तरू. डिसेंबर २०२४ मध्ये दहा दिवसांच्या आत सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल आले. एकात बायकोला ५ कोटी आणि मुलाला १ कोटी, दुसऱ्यात बायकोला १२ कोटी. माझ्या ऑफिसात पुढचे दोन महिने कोटींशिवाय कोणी बोलेना. पण तो १२ कोटींचा निकाल नीट वाचला तर त्यात बायकांच्या बाजूच्या वकिलांना कडू लागेल असं बरंच आहे. पोटगी म्हणजे नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी नव्हे, विभक्त झाल्यावर तो पुढे कितीही वर गेला तरी त्याच्या प्रत्येक पायरीवर तिचा वाटा निघत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तिचा दावा त्याच्या अफाट संपत्तीशी बरोबरीचा होता, तो मान्य झाला नाही. १२ कोटी हा आकडा मोठा दिसतो तो त्या माणसाच्या मापात.

तुमच्या मापात बघू. समजा तुमच्या एकटीसाठी महिना ३० हजार हा रास्त आकडा ठरला. वर्षाचे ३ लाख ६० हजार. मुद्दल न मोडता, ७ टक्के व्याजाने एवढं मिळवायला साधारण ५१ लाख ठेवावे लागतील. २० वर्षांत मुद्दलासकट संपवायचं ठरवलं तर ३९ लाखांच्या आसपास पुरतात. महागाई यात धरलेली नाही. समोरून पहिला देकार बहुतेक १० किंवा १५ लाखांचा येतो. तो ऐकून रागवायचं नाही, हे गणित फॅमिली कोर्टातल्या समुपदेशकांच्या टेबलावर ठेवायचं आणि गप्प बसायचं.

एकरकमीचे फायदे खरे आहेत. दर महिन्याला त्याच्या मेहेरबानीकडे बघावं लागत नाही, त्याची नोकरी गेली तर भीती नाही, आणि पुढे तुम्ही लग्न केलंत तर घेतलेली रक्कम परत जात नाही. दरमहाची पोटगी पुनर्विवाहानंतर बंद होऊ शकते. कराच्या दृष्टीनेही एकरकमी रक्कम सहसा उत्पन्न धरली जात नाही, दरमहाची धरली जाते. तोटा असा की मोठी रक्कम हातात आली की नातेवाईकांना आपापल्या अडचणी आठवतात. भाऊ चांगला असेलच, तरी पैसा तुमच्या एकटीच्या नावावर ठेवा.

दरमहा घेतलीत तर वाढीचं कलम लिहून घ्या. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात महिना ५० हजार आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली. हे उदाहरण तुमच्या वकिलाला दाखवा. वाढ लिहिली नसेल तर परिस्थिती बदलल्यावर पुन्हा अर्ज करता येतो, पण त्यासाठी पुन्हा तारखा. माझा कल सांगू? मुलीचं दरमहा आणि वाढीव, तुमचं एकरकमी. मुलीच्या गरजा दहावीला एक आणि इंजिनिअरिंगला दुसऱ्या असतात, त्यांचा आज एकरकमी हिशोब कोणालाच बरोबर जमत नाही. मुलीचा हक्क तुमच्यापासून वेगळा आहे, तो तडजोडीत ‘सोडून दिला’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

परस्परसंमतीने मिटवलंत तर पैसे टप्प्यांत ठरतात: काही अर्ज दाखल करताना, काही दुसऱ्या तारखेला जबाब होतो तेव्हा, आणि छळाची फौजदारी केस असेल तर ती हायकोर्टात रद्द करून घेताना उरलेले. सगळ्यात मोठा वाटा शेवटच्या टप्प्यावर ठेवू नका. आणि डिमांड ड्राफ्ट घ्या, पुढच्या तारखेचे चेक नकोत. एका पक्षकार बाईचे तीन चेक न वटता परत आले, तोवर घटस्फोट होऊन गेलेला. पुढची चार वर्षं आम्ही वसुलीत घालवली.

वसुलीचंही सांगते, कारण हुकूम हातात पडला म्हणजे पैसे आले असं नाही. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कलम २४ मध्येच लिहिलंय. प्रत्यक्षात वर्ष लागतं. पण रजनेश निकालापासून पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते, त्यामुळे त्याने तारखा वाढवल्या तरी थकबाकी वाढतच राहते. म्हणून अर्ज आज टाका, पुढच्या महिन्यात नको. पैसे थकले तर फॅमिली कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज. पोटगीच्या हुकुमासाठी पगारावर जप्ती आणली तर त्याला पगाराचा एक तृतीयांश तेवढा सुरक्षित राहतो, बाकीच्यावर हात घालता येतो. कंपनीच्या एचआरला कोर्टाचं पत्र गेलं की आयटीवाले पटकन भानावर येतात. कलम १४४ खालच्या हुकुमात थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘बघू, देईल’ म्हणत दीड वर्ष थांबलेल्या बाया मी बघितल्या आहेत, जुन्या महिन्यांसाठी ते दार बंद झालेलं असतं. तुरुंगात जाऊन आला म्हणजे देणं फिटलं, असंही नाही.

शेवटी सोन्याचं. तडजोडीच्या बैठकीत समोरून हमखास येतं, ‘तिचे दागिने परत देतो आणि वर ५ लाख, विषय संपला.’ माहेरून आलेलं आणि लग्नात तुम्हाला घातलेलं सोनं हे स्त्रीधन आहे, ते आधीपासून तुमचंच आहे. ते पोटगीच्या बेरजेत धरू देऊ नका. त्याची वेगळी यादी करा: मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, राणीहार, कुठल्या प्रसंगी कोणी दिलं, अंदाजे किती तोळे. पावत्या बऱ्याचदा सासरच्या कपाटात अडकलेल्या असतात. मग लग्नाचे फोटोच पुरावा. कुठल्या फोटोत काय अंगावर आहे ते नीट दिसतं. अल्बम माहेरी आहे का, ते आजच बघा. सासरी असेल तर फोटोग्राफरला फोन करा, जुन्या हार्डडिस्क ते लोक बरीच वर्षं जपून ठेवतात.